वॉर्डची ड्युटी लावताना स्वभाव कसा वाचावा

दर महिन्याच्या २५ तारखेच्या आसपास मी पुढच्या महिन्याचा ड्युटी चार्ट लावायला बसते. सरकारी रुग्णालयातला पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड. ३६ खाटा. पावसाळ्यात डेंग्यू, लेप्टोचे दिवस आले की जमिनीवर गाद्या टाकून पन्नासच्या वर पेशंट. हाताखाली ११ अधिपरिचारिका (म्हणजे स्टाफ नर्स, वॉर्डात सगळे सिस्टर म्हणतात), चार मावश्या, तीन मामा. परिसेविका, म्हणजे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर, होऊन मला नऊ वर्षं झाली, त्याआधी १७ वर्षं मी स्वतः तिन्ही पाळ्या केल्या. परवा नव्याने बढती मिळालेल्या दोघीजणी विचारत होत्या, "सिस्टर, इतक्या तऱ्हेच्या बायकांकडून काम करून कसं घेता?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. तुमच्याकडे वॉर्ड नसेल, बँकेची शाखा किंवा शाळा असेल, तरी यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

पहिली दोन वर्षं माझं चुकत होतं. माझ्याकडे तेव्हा दोन सिस्टर होत्या. एकीचं अक्षर मोत्यासारखं. इनटेक-आउटपुट चार्टचा (पेशंटच्या शरीरात किती पाणी गेलं, किती बाहेर आलं याच्या नोंदीचा) एक रकाना रिकामा सोडणार नाही, इमर्जन्सी ट्रेमधल्या अ‍ॅड्रेनॅलिन-अ‍ॅट्रोपिनच्या अँप्युल रोज मोजणार, घशात नळी घालताना लागणाऱ्या लॅरिंगोस्कोपचा दिवा रोज लावून बघणार. पण दुपारी एकदम चार अ‍ॅडमिशन आल्या की तिचे हातपाय गळायचे. दुसरी अगदी उलट. सुकून काडी झालेल्या म्हाताऱ्याच्या हातातही तिला एका टोचणीत व्हेन सापडायची, पेशंट कोसळला की सगळ्यांच्या आधी ती तिथे. आणि पाळी संपताना बघावं तर रजिस्टरची पानं कोरी. मी पहिलीला रोज म्हणायचे, "जरा हात उचला." दुसरीला रोज म्हणायचे, "चार ओळी लिहायला काय होतं?" दोन वर्षं हेच. पहिली आणखी मंद झाली, कारण भीतीपोटी ती प्रत्येक गोष्ट दोनदा तपासायला लागली. दुसरी मी वॉर्डच्या या टोकाला असले की त्या टोकाला असायची.

मग मी कामं बदलली. इमर्जन्सी ट्रे, औषधांचं स्टॉक रजिस्टर, मुदत संपत आलेल्या औषधांची यादी आणि इंडेंट, म्हणजे स्टोअरकडे करायची मागणी, पहिलीकडे. दाराजवळच्या आठ खाटा, जिथे नवी अ‍ॅडमिशन येते, त्या दुसरीकडे. त्या आठही खाटांच्या फायलींना मी दोरीने पेन बांधले आणि तिला एवढंच सांगितलं, की पेशंटजवळून हलायच्या आधी उभ्याउभ्या दोन ओळी लिहायच्या, बाकी नंतर. तिचं रजिस्टर काही आदर्श झालं नाही, पण कोरं पान मला परत दिसलं नाही. आणि त्या दोघी पुढे एकमेकींसोबत नाइट मागून घ्यायला लागल्या.

आधी स्वतःकडे बघा

हे सगळ्यात अवघड आहे, म्हणून पहिलं. मला उत्तर लगेच लागतं. मी प्रश्न विचारते आणि दोन-तीन सेकंदांत कोणी बोललं नाही तर "ठीक आहे, अडचण नाही" असं धरून पुढे जाते. या सवयीने एकदा फार मोठी चूक होता होता राहिली.

एका सकाळी ओव्हर (पाळी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या पाळीला देणं) झाल्यावर मी विचारलं होतं, "औषधांच्या ट्रॉलीबद्दल कोणाला काही सांगायचंय?" सगळ्या गप्प. चार दिवसांनी ट्रॉलीचा खालचा खण उघडला तर त्यातल्या काही अँप्युलना लाल चिकटपट्टीचा बारीक तुकडा गुंडाळलेला. नीट, एका मापाचा. बघितलं तर प्रत्येक लाल पट्टीखाली पोटॅशियम क्लोराइड. हे काम कोणाचं म्हणून चौकशी केली, तर सात महिन्यांपूर्वी आलेल्या, दिवसभरात दहा वाक्यं न बोलणाऱ्या एका सिस्टरचं. ती दुपारची इंजेक्शनं भरत होती. मी शेजारी जाऊन उभी राहिले, आणि तिची सिरिंज भरून होईपर्यंत काही बोलले नाही. मग तीच म्हणाली, "सिस्टर, ही आणि डिस्टिल्ड वॉटरची अँप्युल सारखीच दिसते. दोन्ही प्लास्टिकच्या, दोन्ही १० मिलीच्या. रात्री बारीक अक्षर वाचता येत नाही. माझी ड्युटी असली की मी पट्टी लावते."

"मग त्या दिवशी बोलला का नाही?"

"मोठ्या सिस्टरांसमोर मी काय सांगणार?"

पोटॅशियम पातळ न करता सरळ शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं. त्या दोन अँप्युल एका खणात किती महिने होत्या देव जाणे. त्याच दिवशी पोटॅशियम वेगळ्या कपाटात गेलं, कुलपात. आणि मी विचारायची पद्धत बदलली. आता प्रश्न आदल्या दिवशी सांगते: "उद्या ओव्हरनंतर नाइटच्या सलाइनबद्दल विचारणार आहे." उत्तराची सुरुवात सगळ्यात नवी असेल तिच्यापासून करते, म्हणजे मोठ्यांचं मत ऐकून तिचं मत बदलायला नको. आणि ज्या सिस्टर मिटिंगमध्ये बोलत नाहीत, त्यांना हातात काम असताना एकटीला विचारते. गप्प माणसाला पंधरा डोळ्यांसमोर तोंड फुटत नाही, पण ट्रॉलीजवळ बाजूला उभं राहून विचारलं की बरोबर सांगतं.

म्हणून स्वतःबद्दल आधी तीन प्रश्न लिहून काढा. मला कोणता स्वभाव बघून बरं वाटतं? कोणता बघून राग येतो? आणि माझ्या घाईमुळे, किंवा माझ्या भिडेमुळे, कोणाचं म्हणणं माझ्यापर्यंत पोचत नाही? तुम्ही काटेकोर असाल तर काटेकोर माणूस तुम्हाला हुशारच वाटणार. हे मनाशी कबूल केल्याशिवाय पुढचं काही करू नका.

विशेषण लिहू नका, काय घडलं ते लिहा

आपली भाषा स्वभावाच्या शब्दांनी गच्च भरलेली आहे. भिडस्त, खमकी, धांदरट, घुमी, सोशिक, तापट, चिकट, बोलघेवडी, आतल्या गाठीची. गंमत म्हणजे मानसशास्त्रातलं स्वभावाचं संशोधनही शब्दांपासूनच सुरू झालं. १९३६ मध्ये अमेरिकेत गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोश चाळून माणसांचं वर्णन करणारे जवळजवळ १८,००० शब्द वेचले. पुढे इतरांनी त्यांची गाळणी करत करत, कोणते शब्द एकत्र नांदतात ते बघत, पाच मोठ्या गुणांपर्यंत आणलं. त्या पाचांकडे येतेच.

पण शब्दाची एक अडचण आहे. "धांदरट" म्हटलं की तो निकाल होतो आणि मग आपण पुरावे गोळा करायला लागतो. म्हणून मी एक दोनशे पानी वही ठेवते. प्रत्येकीला चार पानं. त्यात फक्त काय झालं, कधी झालं. "मंगळवार, दुपार. एकाच वेळी तीन नातेवाईक ओरडत होते; हिने आवाज न चढवता तिघांना बाकावर बसवलं." "नाइट. पहाटे चारच्या बीपी नोंदी सगळ्यांच्या १२०/८०." (यावर मात्र बोलावंच लागलं. ३६ माणसांचं बीपी एकसारखं नसतं.) दोन-तीन महिने झाले की तीच तीच गोष्ट वेगवेगळ्या पाळ्यांत, वेगवेगळ्या सोबतीणींबरोबर दिसायला लागते. असं दिसलं तरच त्याला स्वभाव म्हणा. एकदा घडलेलं म्हणजे स्वभाव नव्हे.

आणि स्वभाव म्हणायच्या आधी घर, रस्ता, तब्येत हे तपासा. एक सिस्टर सकाळच्या पाळीला सारखी वीस मिनिटं उशिरा यायची. मी वहीत तीनदा नोंद केली आणि मनात "बेफिकीर" हा शब्द पक्का करून टाकला होता. मावशींनी सांगितलं, "सिस्टर, त्यांच्या गावची साडेसहाची एसटी बंद झालीय, दुसरी सव्वासातला आहे." तिने मला सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. तिला दुपार आणि नाइट जास्त लावल्या, प्रश्न मिटला. तशीच एक चिडचिडी झाली होती, तिचं हिमोग्लोबिन ७ निघालं. चार नाइट सलग केलेल्या बाईच्या पाचव्या दिवशीच्या वागण्यावरून तिचा स्वभाव ठरवायचाच नाही.

ते पाच गुण, वॉर्डच्या भाषेत

काटेकोरपणा. बहिर्मुखता, म्हणजे माणसांत रमणं. मिळतंजुळतं घेणं. मन लवकर हलणं, काळजी करणं. आणि नव्याची ओढ. प्रत्येक गुण प्रत्येकात असतो, फक्त कमी-जास्त. बहुतेक माणसं मधेच कुठेतरी असतात. या पाचांत काटेकोरपणा कामासाठी सगळ्यात भरवशाचा. १९९१ मध्ये मरी बॅरिक आणि मायकेल माउंट यांनी ११७ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा वेगवेगळ्या सगळ्या व्यवसायगटांत चांगल्या कामाशी सातत्याने जोडलेला हा एकच गुण निघाला. तरी ते नातं माफकच होतं, एवढं ध्यानात ठेवा. काटेकोर आहे म्हणजे उत्तम नर्स, असं होत नाही. काटेकोर माणसाला ऐन वेळी काम बदलून दिलेलं सोसत नाही, तेव्हा बदल असेल तर पाळीच्या सुरुवातीला सांगा.

माणसांत रमणाऱ्या सिस्टरला भेटीच्या वेळेत (चार ते सहा) नातेवाइकांजवळ ठेवा. डिस्चार्जच्या वेळी मधुमेहाच्या पेशंटला इन्सुलिन शिकवायचं काम तिचं. लाल टोपणाची सिरिंज ४० युनिटच्या बाटलीला, केशरी टोपणाची १०० च्या, हे ती म्हाताऱ्याकडून दहादा म्हणवून घेईल आणि कंटाळणार नाही. तिला दिवसभर स्टॉक मोजायला बसवलं तर ती आजारी पडेल.

मिळतंजुळतं घेणाऱ्यांवर मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण यांच्यावर होणारा अन्याय कोणाला दिसत नाही. माझ्याकडची एक सिस्टर फार भिडस्त. मी एकदा मागच्या तीन महिन्यांचा चार्ट आणि प्रत्यक्ष सह्या ताडून बघितल्या. चार्टप्रमाणे तिच्या जेवढ्या नाइट होत्या, त्याहून ११ जास्त तिने केल्या होत्या. कोणाचा मुलगा आजारी, कोणाकडे सत्यनारायण, कोणाची नणंद आली. सगळ्या तिच्याकडेच जात, कारण ती नाही म्हणत नाही. मी तिला "नाही म्हणायला शिका" असं सांगून पाहिलं. काही उपयोग झाला नाही, होणारही नव्हता. मग नियम केला, की आपसात बदललेली ड्युटी माझ्या सहीशिवाय धरली जाणार नाही, आणि एका महिन्यात एकीने दोनपेक्षा जास्त बदल घ्यायचे नाहीत. आता ती सांगते, "मी तयार आहे हो, पण इन्चार्ज सिस्टर सही करणार नाहीत." मला वाईट ठरवून तिचं काम होत असेल तर माझी हरकत नाही. माणसाचा स्वभाव बदलवण्यापेक्षा त्याच्याभोवतीचा नियम बदलणं हे आपलं काम आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला खमक्या. यांच्याशी सोबतीणींचं पटत नाही, तक्रारी येतात. पण डॉक्टरांनी फोनवर घाईत डोस सांगितला तर "सर, परत म्हणते, ऐका" म्हणून तो पुन्हा वाचून दाखवणारी हीच. न वाचता येणारी ऑर्डर घेऊन ही सरळ रेसिडेंट डॉक्टरांसमोर उभी राहते आणि परत लिहून आणते. भिडस्त सिस्टर तो डोस अंदाजाने वाचते, हा मोठा धोका आहे. म्हणून खमकीला दाबू नका. तिला स्टोअरला, लॅबला, रक्तपेढीला पाठवा. तिचं चुकलं तर आडवळणाने बोलू नका, सरळ सांगा; ती रागावत नाही, आडून बोलल्याचा तिला राग येतो.

काळजी करणारी. ही घरी गेल्यावर रात्री नऊला फोन करते: "सिस्टर, १४ नंबरचं इन्सुलिन दिलं, सही केली ना मी?" पूर्वी मी वैतागायचे. पण एका रात्री नऊ नंबरच्या पेशंटची लघवी तासाला २० मिलीवर आलेली हिनेच पाहिली. ६० किलोच्या माणसाला तासाला निदान ३० तरी हवी. डॉक्टरांना तिने दोनदा उठवलं, दुसऱ्यांदा ते आले आणि पेशंट वाचला. तिच्या सोबतीणीने तो आकडा सकाळी बघितला असता. तिच्यासाठी दोन गोष्टी करते. पाळी संपताना टिक करायची दहा ओळींची चिठ्ठी तिच्या ओळखपत्रामागे आहे. ती भरली की फोन येत नाही. आणि तिला "उद्या जरा भेटा, बोलायचंय" असं कधीही म्हणत नाही. ती रात्रभर झोपणार नाही. बोलायचं ते त्याच दिवशी, दोन मिनिटांत, पहिल्या वाक्यात विषय सांगून.

नव्याची ओढ असलेल्या मुली कुठून तरी नवीन पद्धत शिकून येतात आणि जुन्या सिस्टर नाक मुरडतात. ओव्हरचा नवा नमुना एकीने आणला होता: पेशंटची आत्ताची स्थिती, मागचं थोडक्यात, आपला अंदाज, काय करायला हवं, असे चार भाग. मी तो सगळ्या वॉर्डाला लावला नाही. सहा खाटा, एक आठवडा, आणि सोबत सगळ्यात जास्त विरोध करणारी सिस्टर. तिने त्यातल्या दोन ओळी बदलल्या, मग तो तिचाही झाला.

नाइटच्या जोड्या

माझ्याकडे रात्री दोघीच असतात, आठ ते आठ. तेव्हा जोडी हाच खरा निर्णय. एक काटेकोर, एक झपाट्याची, हे उत्तम. दोघी काळजी करणाऱ्या लावू नका, एकीची भीती दुसरीला लागते. दोघी भिडस्तही नकोत, डॉक्टरांना कोणीच उठवणार नाही. नवीला खमकीबरोबर पहिल्या महिन्यात नको, तिसऱ्या महिन्यात जरूर. चार्ट मी पेन्सिलने लावते आणि एक दिवस तसाच टेबलावर ठेवते; ज्यांना तोंडावर सांगता येत नाही त्या जाता येता बघतात आणि हळूच येऊन सांगतात.

चाचण्या आणि शिक्के

मोबाइलवरच्या स्वभाव-चाचण्या, चार अक्षरांचे प्रकार (INFJ, ESTP असे), यांवरून कोणालाही काम देऊ नका. १९४८ मध्ये बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना चाचणी दिली आणि निकाल म्हणून प्रत्येकाला शब्दशः तोच मजकूर दिला. वर्णन किती जुळतं यावर त्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. रविवारचं राशिभविष्य पटतं ते याच कारणाने. चार अक्षरांच्या चाचणीतही काही आठवड्यांनी पुन्हा बसलं की बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो, कारण मधल्या माणसाला ती या नाहीतर त्या खणात ढकलते.

त्याहून वाईट शिक्के आपणच मारतो. "केरळच्या मुली शिस्तीच्या", "अमक्या जिल्ह्यातल्या भांडखोर", आणि जातीवरून जे बोललं जातं ते तर मी इथे लिहिणारही नाही. हे स्वभाव वाचणं नाही. माझ्या वॉर्डात असं कोणी बोललं तर मी तिथेच थांबवते, समोर कोणीही असो.

वही मी कुलपात ठेवते. त्यातलं एक अक्षर गोपनीय अहवालात जात नाही. तिथे फक्त काम लिहायचं. कोणाला तोंडावर "तुम्ही काळजीखोर आहात" असंही म्हणायचं नाही. आणि दर वर्षी जुनी पानं फाडून नवी सुरू करते, कारण माणसं बदलतात. वय वाढतं तसा साधारणपणे काटेकोरपणा वाढतो, मन जरा स्थिर होतं. पोटॅशियमला पट्टी लावणारी ती सिस्टर आता नव्या मुलींना पहिल्या दिवशी वॉर्ड दाखवते. अजूनही कमीच बोलते, पण औषधांच्या कपाटासमोर अर्धा तास बोलते.

सगळ्यांचं जमवता येतं असं मात्र नाही. एका सिस्टरसाठी मी सात महिने सगळं करून पाहिलं. काम बदललं, पाळी बदलली, जोडी बदलली. गंभीर पेशंटच्या वॉर्डात तिचा जीवच रमत नव्हता, आणि मृत्यू झाला की चार-चार दिवस ती जेवायची नाही. शेवटी अधिसेविकांकडे (मेट्रनकडे) जायच्या आधी मी तिलाच जवळ बसवून सांगितलं, की मी तुमची बदली मागणार आहे आणि का मागणार आहे. ती रडली. मीही. आता ती लसीकरणाच्या खोलीत आहे. परवा तिकडून जाताना बघितलं, एका हातात सिरिंज, दुसऱ्या हाताने खुळखुळा वाजवत होती, आणि बाहेर बाकावर बायकांची रांग होती.